सत्तेचाळीसची उगवण

ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्या वहिनींनी खिडकीखालच्या लांब टेबलावर एकापुढे एक मांडल्या, तेव्हा घरची सहाही माणसे बियाण्याच्या खोलीत जमली होती. प्रत्येक गुंडाळीत मोजून शंभर दाणे ठेवले होते आणि आज सातवा दिवस होता. या चारशे दाण्यांपैकी किती उगवले, एवढ्यावरच सत्तेचाळीसचे भवितव्य ठरायचे होते.

सत्तेचाळीस म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नसे. चौदा वर्षांपूर्वी अप्पांनी आणि त्यांच्या थोरल्या मुलाने, दादाने, एका बुटक्या, बिनसालीच्या जवाची कोवळी फुले चिमट्याने उघडली होती, प्रत्येक फुलातले तीन-तीन पुंकेसर पिकण्याआधीच काढून टाकले होते आणि त्या फुलांवर सालीच्या, भरदार कणसाच्या जवाचे पराग झटकले होते. त्या संकराच्या दुसऱ्या पिढीत चारांत एक रोप बिनसालीचे निघाले. त्यांतून निवडीत निवडीत, ओळीमागून ओळ पारखीत, सत्तेचाळिसावी ओळ पुढे आली. बिनसालीचा जव मळला की साल आपोआप सुटते आणि दाणा कांडल्यावाचून थेट दळायला जातो, एवढा त्याचा गुण. पण एकरी उतारा नेहमी कमी, म्हणून शेतकरी त्याच्याकडे पाठ फिरवतो. सत्तेचाळीसने मात्र तीन हंगाम लागोपाठ सालीच्या जवाच्या बरोबरीने वजन दिले होते, आणि तेही वाऱ्यापुढे आडवे न पडता.

"पहिली," वहिनी म्हणाल्या आणि कागद उलगडून चिमट्याने कोंब उचलीत राहिल्या. बऱ्याच वेळाने मान वर न करताच त्यांनी आकडा सांगितला. "त्रेचाळीस."

"नीट मोज गं," दादा बायकोला म्हणाला.

"नीटच मोजलंय. तुमची बोटं काय वेगळं सांगणार आहेत?"

दुसरीत एकोणचाळीस निघाले, तिसरीत एक्केचाळीस, चौथीत चव्वेचाळीस. चारशेत एकशे सदुसष्ट. चाचणी केंद्राला शंभरात निदान पंच्याऐंशी हवे होते. हे केंद्र तीन वर्षांतून एकदाच नवे वाण घेई, एका घराकडून एकच वाण घेई, आणि परवा संध्याकाळी पाचला त्याची खिडकी बंद होणार होती.

खोलीच्या कोपऱ्यात, उपड्या पाटीवर, अप्पांचा धाकटा मुलगा बसला होता. यंत्रदुरुस्तीचा त्याचा धंदा. लहानपणी हा मुलगा पाना उशाशी घेतल्याखेरीज झोपत नसे, म्हणून सगळे त्याला पान्या म्हणत, आणि आता चाळिशी उलटली तरी तेच नाव त्याला चिकटून राहिले होते. वाणांच्या कामात त्याला कोणी विचारीत नसे. मळणीयंत्र मात्र तो चालवी. मागल्या महिन्यात अप्पांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सगळे घर शहराच्या दवाखान्यात जाऊन बसले असताना, आभाळ भरून आलेले पाहून त्याने एकट्याने सत्तेचाळीसची सगळी कणसे मळून काढली होती. घरी परतल्यावर दादाने पिशवीत हात घालून म्हटले होते, "वा रे पान्या! एक कुसळ नाही की कोंडा नाही. इतकं स्वच्छ धान्य या यंत्रातून कधी निघालं नव्हतं." आयुष्यात प्रथमच दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि त्या दिवसापासून पान्याची चालच बदलली होती.

तो उठला. न उगवलेले दाणे वहिनींनी बशीत बाजूला काढले होते, त्यांतले दहा-बारा त्याने तळहातावर घेतले आणि भिंग डोळ्याला लावले. दाण्याचे एक टोक, जिथून कोंब फुटतो ते, चेपून बसलेले होते. दुसऱ्याचेही तेच, आणि तिसऱ्याचे तर टवकाच उडालेला. बाकीचा दाणा कसा घोटीव, टपोरा. खोट तेवढी त्या एका जागी. यंत्राच्या धंद्यात तो एक गोष्ट शिकला होता. दहा पट्टे दहा ठिकाणी झिजले तर ते वयाने झिजले म्हणावे. पण दहाही पट्टे एकाच जागी झिजले असतील, तर कुठेतरी काहीतरी घासते आहे.

आणि काय घासले, ते त्याला तत्क्षणी कळले.

त्या घरचा दंडक होता की बिनसालीचा जव मळताना ढोलाचे फेरे मिनिटाला सहाशेपर्यंत उतरवावेत आणि ढोल व जाळी यांतली फट दुप्पट करावी. सालीच्या जवाला सालीचे चिलखत असते. बिनसालीच्या दाण्याचा अंकुर उघडा असतो, त्याला जोराचा मार सोसत नाही. फेरे कमी करायचे तर पुली बदलावी लागे, आणि पुली बदलायला अर्धा तास जाई. त्या दिवशी शेजाऱ्यांचा सालीचा जव नुकताच मळून झाला होता. डोक्यावर ढग होते. पान्याने पुली बदलली नव्हती. पुढे अप्पांनी डोळ्यावरच्या पट्टीसकट त्याला विचारले होते, "फेरे उतरवले होतेस ना रे?" आणि त्याने, फारसा विचार न करता, "हो अप्पा," म्हणून टाकले होते.

"द्या ती वही," अप्पा म्हणाले.

वही म्हणजे ओळींची नोंदवही. जी ओळ कसोटीला उतरत नसे तिच्यावर अप्पा तांबड्या पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढीत, आणि अशा ओळीचे बी पुन्हा कधी जमिनीत जात नसे. तीस वर्षांत त्यांनी नऊशेहून अधिक ओळी मारल्या होत्या. त्यांत दादाच्या लाडक्या ओळी होत्या, ताईच्याही होत्या, आणि एक तर खुद्द त्यांच्या दिवंगत पत्नीने निवडलेली होती. रेघ ओढताना त्यांचा हात कधी कापला नव्हता.

"अप्पा, थांबा," दादा म्हणाला. "गेल्या वर्षी शेतात सगळं उगवलं होतं. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"मूठभर बी होतं, हातानं चोळून काढलेलं. हातानं चोळलं तर काहीही उगवतं. शेतकरी हातानं चोळत बसणार आहे का? कमी फेऱ्यांची मळणीसुद्धा ज्याच्या अंकुराला सोसत नाही, ते वाण नव्हे. रक्तातच नाजूक आहे ते. आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही, एवढंच."

"पुन्हा एक चाचणी लावू."

"सात दिवस लागतात. परवा मुदत आहे."

दादा ताईकडे वळला. ताई सर्वांत थोरली. शहरातल्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती, आणि सुटीच्या दिवसांत येऊन येऊन तिने स्वतःची एक ओळ वाढवली होती, बासष्ट क्रमांकाची. बासष्टही बिनसालीची, उताऱ्याला थोडी उणी, पण उगवण शंभरात त्र्याण्णव.

"ताई, तू तरी बोल ना काही."

"मी काय बोलू?" ताई म्हणाली. "सत्तेचाळीसच्या बाजूनं बोलले तर खोटा दिलासा दिला म्हणशील. विरुद्ध बोलले तर आयुष्यभर म्हणशील, बासष्टला वाट करून दिली. माझं तोंड तूच बांधून ठेवलंयस."

"बासष्ट पाठवावी," वहिनी हळूच म्हणाल्या.

दादाने वळून पाहिले. "तूसुद्धा?"

"अहो, तीन वर्षांनी एकदा दार उघडतं. घरातून काहीच न जाण्यापेक्षा ताईंची ओळ गेली तर वाईट काय आहे? तीही याच घरची आहे. तुमचं दुःख मला दिसत नाही असं नाही. पण मी आत्ता चारशे दाणे मोजलेत, माझ्या डोळ्यांनी."

"मोजलेस ना? मग झालं!" दादा म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

ताईचे यजमान टपालखात्यात वर्गीकरणाच्या कामावर होते. घरात ते जावईबापू, आणि सासुरवाडीच्या भांडणात पडायचे नाही हा त्यांचा नियम. त्यांनी फक्त चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यांतला एक भरलेला होता तोही उचलला.

अप्पांनी वही उघडली. त्यांचा एक डोळा अजून धूसर होता, म्हणून ते पानावर फार वाकले होते. पेन्सिलीचे टोक ओळ शोधीत होते. आणि पान्याच्या मनात आले, की आता आपण काही बोललो नाही तर कोणालाही, कधीही, काहीही कळणार नाही. बशीतले दाणे फेकले जातील, यंत्राची पुली त्या मळणीनंतर कधीच बदलून झालेली आहे, आणि दादाचा तो पाठीवरचा हात तसाच राहील. गप्प बसणे इतके सोपे असावे, याचेच त्याला भय वाटले.

"अप्पा, रेघ मारू नका."

त्याचा आवाज असा निघाला, की जावईबापूंच्या हातातले कप वाजले.

"तू कधीपासून वाणांत बोलायला लागलास?" दादा म्हणाला.

"वाणाचं नाही बोलत. यंत्राचं बोलतोय." पान्याने तळहातावरचे दाणे टेबलावर ठेवले. "हे बघा. सगळ्यांना मार एकाच जागी बसलाय. दोष सत्तेचाळीसचा नाही, माझा आहे. मी पुली बदलली नव्हती."

पेन्सिलीचे टोक पानावर जिथल्या तिथे थांबले.

"फेरे किती होते?" अप्पांनी विचारले.

"अकराशे."

"आणि फट?"

"दोन सूत. सालीच्या जवाची होती तीच. मी काहीच बदललं नव्हतं, अप्पा. पाऊस येईल असं वाटलं. अर्धा तास वाचेल असं वाटलं."

"मी तुला विचारलं होतं. डोळ्याला पट्टी होती, तरी विचारलं होतं."

"हो. आणि मी हो म्हणालो होतो."

"चौदा वर्षं!" दादा ओरडला. "चौदा वर्षं चिमटा धरून धरून माझी मान वाकडी झाली, आणि तू वाचवलास काय, तर अर्धा तास! आणि मी मूर्ख, तुझी पाठ थोपटली!" तो दार लोटून अंगणात निघून गेला. वहिनी त्याच्या मागे जायला उठल्या. मग, काय वाटले कोण जाणे, पान्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

अप्पा अजून वहीवर वाकलेले होते. त्यांचे खांदे हलू लागले, तेव्हा पान्याला वाटले की ते रडताहेत. पण अप्पांनी मान वर केली तो काय, म्हातारा हसत होता.

"अकराशे फेरे," ते म्हणाले. "दोन सूत फट. आणि तरी शंभरात एक्केचाळीस-बेचाळीस जिवंत राहिले? अगं ताई, ऐकलंस का? दुसरा कुठलाही बिनसालीचा जव या माराखाली घातला असता तर दहा उरले नसते! आणि मी हिला नाजूक म्हणत होतो!"

"अप्पा, तुम्हाला राग नाही आला?" वहिनींनी विचारले.

"आलाय. तो उद्या काढीन, आज वेळ नाही." मग ते पान्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "ये इकडे. या वहीत मी नऊशेवर ओळी मारल्यात. मला वाटायचं, माझी रेघ चुकत नाही. त्यांतल्या किती माझ्याच घरच्या चुकीनं गेल्या असतील, ते आता कोणी सांगू शकत नाही. ही गेली असती तर तेही मला कळलं नसतं. मी एका निर्दोष ओळीला मारलं असतं आणि समाधानानं जेवायला बसलो असतो. तू माझा हात धरलास. त्याबद्दल..." तीस वर्षांत या गृहस्थाने मुलांपैकी कोणाचे आभार मानले नव्हते, त्यामुळे ती वाट त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हती. शेवटी त्यांनी हातातली तांबडी पेन्सिल पान्याच्या शर्टाच्या खिशात खोचली आणि वर दोनदा थोपटले.

पान्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. शिक्षेला तो तयार होता. याला तो तयार नव्हता.

"रडून झालं असेल तर एक विचारू?" ताई म्हणाली. तिने भिंग उचलून बशीतले दाणे आणि उगवलेले दाणे शेजारी शेजारी ठेवले होते. "मार बसलेला दाणा डोळ्यांनी ओळखू येतोय. मग उरलेल्या पिशवीतून मार न लागलेले दाणे वेचून काढता येतील की नाही?"

"केंद्राला अर्धा किलो लागतं, ताई," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे साडेबारा हजार दाणे!"

"पिशवीत तीन किलो आहे. आपण माणसं सहा आहोत."

"पण वेचले तरी ते जिवंत आहेत हे कसं कळणार? उगवणीला सात दिवस लागतात."

"रंगाची चाचणी लावीन मी. दाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी उभे चिरायचे, रंगाच्या पाण्यात ठेवायचे. जिवंत अंकुर लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. संध्याकाळपर्यंत निकाल. केंद्रालाही तो चालतो."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले. "आणि बासष्ट?"

"बासष्ट माझी आहे, अप्पा. माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे. पण सत्तेचाळीस तिच्यापेक्षा चांगली आहे, आणि एवढं कळायला मला कुठली चाचणी लागत नाही. बासष्ट तीन वर्षं थांबेल. तोवर मी तिला आणखी थोडी भरदार करीन, मग बघा."

"ताई, मी पुन्हा पक्ष बदलला हं," वहिनी म्हणाल्या. "मघाचं माझं बोलणं विसरा."

"विसरते कशी? पहिल्यांदाच तुम्ही माझ्या बाजूनं बोललात!"

सगळे हसले, खोलीतली हवा हलकी झाली, आणि सर्वजण कामाला लागले.

टेबल खिडकीपाशी ओढले. पिवळसर दाणा उठून दिसावा म्हणून त्यावर काळे कापड अंथरले. पहिला तासभर फारच वाईट गेला. दर दाणा उचलायचा, फिरवायचा, भिंगाखाली धरायचा. तासाभरात प्रत्येकाचे दोनशेही होईनात. तेव्हा इतका वेळ मौन पाळून असलेल्या जावईबापूंनी खाकरून तोंड उघडले.

"लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण तुम्ही सगळे दाणा वाचताय. वाचायचा नाही. आमच्याकडे नवा माणूस पत्ता वाचत बसतो आणि संध्याकाळपर्यंत पोती तशीच पडून राहतात. दाणे एका ओळीत लावा, सगळ्यांची टोकं आपल्याकडे. नजर नुसती टोकांवरून न्या. जिथं अडखळेल तो उजवीकडे ढकला. विचार करायचा नाही. विचार आला की चहा प्या."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं जावई आहेत, आणि आज कळलं की यांना बोलता येतं."

"भांडणात बोलत नाही, वहिनी. कामात बोलतो."

आणि खरोखरच, टोके एका दिशेला लागताच हात भराभर चालू लागले. अप्पांनीही हट्टाने एक ढीग पुढे ओढला. डोळ्याची गरज नाही, टोकावरून नख फिरवले की आपल्याला समजते, असे त्यांचे म्हणणे. वहिनींनी त्यांनी निवडलेले दहा दाणे भिंगाखाली पाहिले आणि त्यांतले चार फुटके निघाले.

"अप्पा, तुम्ही आपले गोष्टी सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्या नखानं आमची चाचणी बुडायची."

तेव्हा अप्पा गोष्टी सांगू लागले. पहिल्या वर्षी कागदी पिशव्या कणसांवर घालायला विसरल्याने सगळा संकर कसा वाया गेला. एकदा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन सबंध हंगामभर भलत्याच ओळीचे कौतुक कसे चालले होते. आणि या दोन्ही चुका त्यांच्या स्वतःच्या होत्या. मुलांनी या गोष्टी पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. पान्या ऐकत होता आणि टोकांवरून नजर नेत होता. बाप आपल्यासाठीच हे उकरून काढतो आहे, हे त्याला कळत होते आणि त्याचे ऊर कृतज्ञतेने भरून येत होते.

ऊन टेबलाच्या दुसऱ्या कडेला आले, तेव्हा दादा आत आला. कोणाकडेही न पाहता त्याने खुर्ची ओढली, टेबलाच्या पार टोकाला बसला आणि दाणे पुढे घेतले. त्याचा हात सर्वांपेक्षा जलद होता. चौदा वर्षे ती टोके त्याने पाहिली होती. पान्याशी तो एक शब्द बोलला नाही. मात्र त्याच्या पुढचा चहा गार होत चालला तेव्हा तो पान्याने बदलून आणला, आणि दादाने तो प्यायला.

दिवस मावळायच्या आत ताईने वेचलेल्यांतले शंभर दाणे मोजून भिजत घातले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती डबा मांडीवर घेऊन शहराला गेली. मागे पाच माणसे वेचीतच राहिली. उजवीकडचा ढीग वाढत वाढत एवढा झाला, की वहिनी म्हणाल्या, "हे फुटकेही वाया जायचे नाहीत हो. दळून टाकू. कोणाच्या चुकीचं पीठ आहे ते खाताना सांगायचं नाही, म्हणजे झालं." दुपारी तराजूच्या काट्याने अर्धा किलो दाखवला, तरीही कोणी उठले नाही, वर दोन मुठी जास्तीच्या झाल्या तेव्हा कुठे वहिनींनी कापड झटकले. मग काही करण्यासारखे उरले नाही. वाट पाहणे तेवढे उरले, आणि ते वेचण्याहून कितीतरी अवघड होते. पान्या अंगणात गेला आणि काहीही बिघाड नसलेले मळणीयंत्र त्याने उघडून पुसायला घेतले.

चारच्या सुमारास फोन वाजला. तो जावईबापूंनी घेतला, कारण त्यांच्याच हाताशी होता.

"हं... हं... बरं." ते प्रत्येक वेळी नुसतेच हुंकार देत होते.

"अहो, बोला की!" वहिनी किंचाळल्या.

"शंभरात ब्याण्णव," जावईबापू म्हणाले. "लाल. ती म्हणते, असा लालभडक रंग तिनं वर्षभरात पाहिला नाही. आणि ती रडतेय, तेव्हा फोन ठेवतो म्हणतो."

अप्पांनी डोळे मिटले. वहिनींनी जावईबापूंच्या हातातून फोन ओढून घेतला आणि, "ताई, तुमच्यामुळे झालं हो हे, तुमच्यामुळे," असे त्या इतक्या वेळा म्हणाल्या, की पलीकडून ताईला त्यांना गप्प करावे लागले असावे. पान्या दारात उभा होता. आत यावे की नाही, ते त्याला समजत नव्हते. हातात तेलकट फडके होते आणि ते तो पिळीत होता.

टेबलावर केंद्राचा अर्ज पसरलेला होता. संकराचे आईबाप, पिढ्या, उंची, उतारा, असे सगळे रकाने दादा आपल्या वळणदार अक्षरात भरीत चालला होता. शेवटच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली. "मळणी व साठवणीबाबत विशेष सूचना," एवढे तिथे छापलेले होते आणि खाली चार ओळींची जागा. वाण स्वीकारले गेले तर हीच सूचना बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर छापली जाते, हे त्या घरात सर्वांना माहीत होते.

दादाने अर्ज वळवून दाराच्या बाजूला सरकवला आणि लेखणी त्यावर आडवी ठेवली. कालपासून पहिल्यांदाच तो धाकट्या भावाशी बोलला.

"हे तू लिही."

"मी?" पान्या म्हणाला. "माझं अक्षर... दादा, तुला सगळं माहीत आहे की. तूच लिही ना."

"मला नियम माहीत आहे. नियम मोडला की काय होतं, ते तुला माहीत आहे. लिही."

पान्याने फडके खाली टाकले, हात दोनदा पँटला पुसले आणि तो टेबलापाशी बसला. आजवर या घरातून गेलेल्या कोणत्याही कागदावर त्याने एक अक्षर लिहिले नव्हते. "फेरे सहाशेच्या वर नेऊ नयेत," असे त्याने लिहिले, आणि थोडे थांबून पुढे जोडले, "घाई असली तरी पुली बदलावी."

दादा खांद्यावरून वाकून वाचीत होता.

"जरा नीट काढ अक्षर," तो म्हणाला. "लोक वाचणार आहेत."